गव्हाने मान का फिरवली?

“पोटात काही गेल्याशिवाय मी तोफबिफ ऐकणार नाही!” शिमुनने भर रस्त्यात जाहीर केलं.

“अरे, आगगाडीत एवढी सँडविच कुणी खाल्ली?” तेनाने विचारलं. ती त्याची मोठी बहीण. दोघं सकाळीच स्लावोनियातल्या आपल्या गावाहून झाग्रेबला उतरली होती.

“ती गाडीतली भूक होती, ताई. ही झाग्रेबची!”

“चला रे, चला!” त्यांचा मावसभाऊ लोव्रो पुढे धावत होता. तो पक्का झाग्रेबचा, त्यामुळे आजचा सगळा बेत त्याचाच. “आधी निळ्या गाडीने टेकडीवर, मग बुरुजावरून रोज बाराला उडते ती तोफ, मग सेंट मार्क चर्चचं रंगीत छप्पर, मग आईचं संग्रहालय! आज दुपारी तिथे नाताळचं प्रदर्शन उघडतंय. आईने स्वतः मांडलंय!”

लोव्रोची आई म्हणजे या दोघांची वेस्ना मावशी. टेकडीवरच्या एका छोट्या संग्रहालयात तिला याच हिवाळ्यात नोकरी लागली होती.

रुळांवरून चढणारी निळी गाडी त्यांना घेऊन निघाली आणि बसतोय न बसतोय तोच थांबली.

“झालं?” शिमुनने डोळे मोठे केले. “एवढ्यासाठी तिकीट?”

“जगात एवढी छोटी गाडी सापडणार नाही तुला!” लोव्रो ऐटीत म्हणाला.

“सापडेल की. आमच्या गोठ्यात शेण न्यायची आहे,” तेना म्हणाली.

वर बर्फ भुरभुरत होतं. बुरुजाखाली एक बाई चेस्टनट भाजत होत्या. लोव्रोने एक कागदी पिशवी भरून घेतली. शिमुनने शेजारच्या दुकानातून आईसाठी मधाच्या कणकेचं एक लाल हृदय घेतलं. त्याच्यावर पांढरी नक्षी होती आणि मधोमध इवलासा आरसा होता.

“हे खायचं नसतं हं,” लोव्रोने बजावलं.

“माहीत आहे! भिंतीवर लावायचं असतं. पण मग मध कशाला घालतात, तेच मला कळत नाही.”

धडाम्!

तेना जागच्या जागी उडाली. बुरुजाच्या खिडकीतून धुराचा पांढरा लोट निघाला. बाराची तोफ! आणि तेनाला एक गंमत दिसली. चेस्टनटवाल्या बाई, कोपऱ्यावरचा पोलीस, कुत्र्याला फिरवणारे आजोबा, सगळ्यांचे डोळे एकदम मनगटाकडे गेले. लोव्रोसुद्धा आपल्या घड्याळाकडे बघत होता.

“अर्धं मिनिट मागे!” तो पुटपुटला आणि घड्याळ लावू लागला. मग त्याने इकडेतिकडे पाहिलं. “पिशवी कुठे गेली?”

“तुझ्याच हातात होती.”

“नव्हती! शिमुन, तू घेतलीस!”

“मी? मी तर इथे थंडीने गारठून... आई गं! मान भाजली!” शिमुन नाचायला लागला. त्याच्या पाठीवर लोंबणाऱ्या जॅकेटच्या टोपीत गरमागरम चेस्टनटांची पिशवी होती!

“तूच ठेवलीस तिच्यात,” तेना हसून हसून वाकली. “तोफ उडाली, तू न बघता पिशवी त्याच्या टोपीत टाकलीस आणि घड्याळ बघितलंस!”

“मी काही ठेवली नाही,” लोव्रो ठामपणे म्हणाला. “मला आठवलं नसतं का?”

“तुम्ही झाग्रेबवाले म्हणजे कमाल आहात! आमच्याकडे कोंबडा आरवतो, पण त्यासाठी कुणी हातातली वस्तू टाकून देत नाही.”

सेंट मार्कचं छप्पर बघून, दगडी वेशीतल्या देव्हाऱ्यापुढे मेणबत्ती लावून तिघं संग्रहालयात पोचली, तेव्हा पिशवीत एकही चेस्टनट उरला नव्हता. शिमुनने रिकामी पिशवी खिशात कोंबली.

जिना चढून वर पोचताच आवाज कानावर आला.

“किल्ली तुमच्याकडे! खोलीला कुलूप तुम्हीच लावलंत! मग हृदय काय पंख लावून उडालं?”

उंच, टकले, गळ्यात लोकरी मफलर गुंडाळलेले मार्गेटिच साहेब खोलीच्या मधोमध उभे होते. ते संग्रहालयाचे प्रमुख. समोर वेस्ना मावशी. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“साहेब, सकाळी मी स्वतः खिडकीशेजारच्या या खिळ्याला टांगलं, कुलूप लावलं आणि तिकीटखिडकीवर जाऊन बसले. आत्ता उघडून बघते, तर खिळा रिकामा!”

“एविका आजी यायच्या आत हृदय सापडलं नाही, तर मी त्यांना काय सांगू? आणि तुम्ही... तुम्ही उद्यापासून आला नाहीत तरी चालेल!” साहेब तरातरा बाहेर गेले आणि बाहेरच्या बोळकांडीत लाकडं आपटल्याचा आवाज आला.

“कसलं हृदय, मावशी?” तेनाने हळूच विचारलं.

मावशी खुर्चीत बसली. “एविका आजींच्या वडिलांनी त्यांच्या आईला जत्रेत दिलेलं. मधाच्या कणकेचंच, शिमुनच्या हातात आहे ना, तसं. पण शंभर वर्षांचं! लढाईच्या काळात आजींनी ते बिस्किटाच्या डब्यात जपलं. कुणाला हात लावू देत नसत. मी चार वेळा घरी जाऊन विनवलं, शब्द दिला, तेव्हा कुठे दिलं. नोकरी गेली तर दुसरी बघता येईल, पोरांनो. पण त्यांना मी कुठल्या तोंडाने सांगू?”

लोव्रोने आईचा हात धरला.

“आपण शोधू!” तेना म्हणाली. “शिमुन, टेबलाखाली बघ. लोव्रो, कपाटं!”

टेबलाखाली काही नव्हतं. कपाटात जुन्या काचेचे गोळे होते, हृदय नव्हतं. खिडकीलगतच्या कोपऱ्यात छतापर्यंत पोचणारी हिरव्या फरश्यांची जुनी भट्टी होती. शिमुनने तिच्या मागे डोकावलं, तर नुसती धूळ! शिंकत शिंकत तो भट्टीला पाठ टेकून उभा राहिला.

“पाठ कशी छान शेकतेय!”

“साहेबांनी बोळकांडीतून लाकडं घातली असतील,” मावशी थकल्या आवाजात म्हणाली. “त्या बाजूनेच पेटवतात ती. यंदा पहिल्यांदाच. पाहुणे यायचेत ना.”

तेना मात्र खिडकीजवळ थबकली होती. खिडकीच्या फळीवर ताटलीत गव्हाची रुजवण होती. नाताळसाठी तेरा डिसेंबरला, सेंट लुसीच्या दिवशी पेरलेली. हिरवेगार, बोटभर कोंब. तेनाच्या घरीही अशी ताटली होती, आणि तिच्याकडे लक्ष देणं हे तेनाचंच काम.

“मावशी, हा गहू कुणी पेरला?”

“मीच. का गं?”

“त्याची मान चुकीच्या बाजूला आहे.”

“गव्हाला मान असते?” शिमुनने विचारलं.

“थट्टा नको. बघ ना! कोंब नेहमी उजेडाकडे झुकतात. म्हणून तर मी घरी रोज ताटली फिरवते, नाहीतर सगळे खिडकीकडे वाकडे होतात. आणि हे बघ, खिडकीकडे पाठ करून खोलीत झुकलेत! इथे आत काय सूर्य आहे?”

मावशी उठून जवळ आली. “अगंबाई! सकाळी पाणी घातलं तेव्हा तर ते खिडकीकडेच झुकलेले होते. मी कधीच फिरवत नाही ताटली.”

“म्हणजे सकाळनंतर कुणीतरी ती उचलली आणि उलटी ठेवली,” तेना म्हणाली. “गव्हाचा लाड करायला बंद खोलीत कोण येईल? ताटली वाटेत येत होती म्हणून उचलली! ही खिडकी आत उघडते ना?”

“चोर खिडकीतून आला!” शिमुन ओरडला.

लोव्रोने खिडकीच्या काचेला नाक लावून खाली पाहिलं. “इथून चढायला माकड पाहिजे. आणि बाहेरच्या कठड्यावरचं बर्फ बघ, कुणाचं बोटसुद्धा लागलेलं नाही.” तो एकदम थांबला. त्याने खिडकीच्या तावदानावर टिचकी मारली. जुनी काच खुळखुळली. “तेना! आमच्या शेजारच्या काकू बाराला खिडकी उघडतात! तोफेचा दणका बसून जुन्या काचा तडकू नयेत म्हणून. इथे तर बुरूज समोरच आहे!”

“मला तर कुणी सांगितलं नाही,” मावशी म्हणाली. “बाराला मी खाली तिकिटं देत असते.”

तेवढ्यात मार्गेटिच साहेब हात झटकत आत आले. कोटाला लाकडाची साल चिकटली होती.

“साहेब,” तेनाने धीर करून विचारलं, “बाराला तुम्ही या खोलीत आला होतात का?”

“मुळीच नाही! सकाळपासून माझा पाय या खोलीला लागलेला नाही!”

“मग तोफेच्या वेळी ही खिडकी कोण उघडतं?”

“कोण म्हणजे? मी! सगळ्या खोल्यांची दुसरी किल्ली माझ्याकडे असते, गेली वीस वर्षं रोज मीच उघडतो. दुसऱ्याच्या हातात या काचा देणार आहे का मी?”

“आजसुद्धा?”

“अर्थात!”

“पण खिडकी तर या खोलीत आहे!” शिमुन म्हणाला.

साहेबांनी मफलर नीट केला. “हे बघ, खिडकी उघडणं म्हणजे काही खोलीत येणं नव्हे. ती सवय आहे. आणि त्याचा हृदयाशी काय संबंध? मी ते पाहिलंसुद्धा नाही!”

तेनाने ताटली क्षणभर उचलून धरली आणि खिडकीचं दार हळूच आत ओढलं. दाराची कड बरोबर रिकाम्या खिळ्याशी येऊन थांबली. हृदय तिथे असतं, तर दार त्याच्यावर आदळलं असतं! म्हणजे साहेबांनी ते काढलंच असणार. पण त्यांना आठवतच नसेल तर?

तिने लोव्रोकडे पाहिलं. लोव्रो लाल झाला होता.

“पिशवी,” तो कुजबुजला. “मलाही आठवलं नव्हतं.”

तिघांची डोकी क्षणभर एकत्र आली. मग शिमुन हातातलं नवं हृदय पुढे करून अगदी गोड आवाजात म्हणाला, “साहेब, तुम्हाला यातलं खूप कळतं ना? हे मी आईसाठी घेतलं. दुकानदाराने मला फसवलं का हो?”

“आत्ता ही वेळ आहे का?” साहेब कुरकुरले, पण हृदय त्यांनी हातात घेतलं.

“उजेडात बघा ना! इथे, खिडकीपाशी!” तेनाने त्यांना बरोबर खिळ्याखाली उभं केलं.

“हं... नक्षी बरी आहे. आरसा मात्र थोडा वाकडा...”

शिमुन त्यांच्या मागे सरकला. खिशातून कागदी पिशवी काढून त्याने गाल फुगवून फुंकर मारली. पिशवी टम्म झाली.

धडाम्!

साहेबांचे डोळे मनगटाकडे गेले. पण हृदय उजव्या हातात होतं, बाही वर सारायला तो हात मोकळा हवा होता. तो न बघता मागे गेला. भट्टीच्या पोटात, फरश्यांच्याच हिरव्या रंगाचं एक छोटं दार होतं. नखाच्या टोकाने ते सराईतपणे उघडलं, हृदय आत सरकवलं आणि दार आपोआप मिटलं.

“दीड वाजलाय,” साहेब घड्याळ बघत म्हणाले. “मग तोफ आत्ता कशी... अरे! काय चाललंय हे?”

“कोनाडा!” लोव्रो किंचाळला. “भट्टीत कोनाडा आहे!”

“ताटं गरम ठेवायचा,” मावशी म्हणाली आणि तिचा आवाज चिरकला. “अरे देवा, भट्टी पेटली आहे!”

लोव्रो झेपावला. दार एवढं तापलं होतं की त्याने हात झटकन मागे घेतला. तेनाने साहेबांच्या गळ्यातला मफलर ओढून काढला, हाताला गुंडाळला आणि दार उघडलं. आत दोन हृदयं शेजारी शेजारी होती. एक नवं, लालभडक. दुसरं जुनं, विटकरी, आरसा धुरकटलेला.

तिने जुनं हृदय दोन्ही हातांनी अलगद बाहेर काढलं.

“गरम आहे,” ती म्हणाली. “पण आख्खं आहे! नक्षीसुद्धा!”

वेस्ना मावशी मटकन खुर्चीत बसली आणि रडायलाच लागली. लोव्रो तिच्या गळ्यात पडला.

“मी?” मार्गेटिच साहेब कोनाड्याकडे आणि आपल्या हाताकडे आळीपाळीने बघत होते. “मीच ठेवलं? आणि मीच खाली आग लावली?”

“तुम्ही कुठे! तुमच्या सवयीने,” शिमुन समजुतीने म्हणाला. “ती रोज खोलीत येते. तुम्ही येत नाही.”

तेवढ्यात जिन्यात काठीचा आवाज आला. एविका आजी! लोकरीची टोपी, टोपीवर बर्फ. दारातच त्या थांबल्या. नाक वर करून त्यांनी वास घेतला.

“मधाचा वास कुठून येतोय?”

तेनाने हृदय पुढे केलं. ऊब लागून त्या शंभर वर्षांच्या कणकेला मंद, गोड वास सुटला होता. आजींनी ते नाकाशी धरलं आणि कितीतरी वेळ डोळे मिटून उभ्या राहिल्या.

“आई सांगायची,” त्या शेवटी म्हणाल्या, “जत्रेच्या दिवशी वडिलांनी दिलं, तेव्हा सगळी गाडी मधाने दरवळली होती. मी जन्मभर वास घेऊन पाहिला. मला कधी आला नव्हता. आज आला.” मग त्यांनी विचारलं, “पण हे खिळ्यावर का नाही?”

साहेबांनी घसा साफ केला.

“माझ्या निष्काळजीपणामुळे,” ते म्हणाले. त्यांनी सगळं सांगितलं, पिशवीच्या धडाम्‌सकट. काहीही लपवलं नाही. “आणि वर दोष मी वेस्नाबाईंना दिला. वेस्नाबाई, मला माफ करा. हे प्रदर्शन तुमचं आहे, आणि उद्यापासून बाराची खिडकीही तुमची.”

“मी घड्याळच वापरत नाही,” मावशी डोळे पुसत हसली. “काळजी नको!”

आजींनी तिन्ही मुलांचे गाल ओढले. “शहाणी आहात रे पोरांनो! मी पोलिसांत गेले असते, तर त्यांनी चोर शोधला असता. तुम्ही हृदय शोधलंत.” त्यांनी पिशवीतून घरी तळलेल्या गोड गोळ्यांचा डबा काढला. शिमुनने पहिला गोळा तोंडात टाकल्यावर आजी कौतुकाने म्हणाल्या, “आणि याच्या फुप्फुसात भलताच जोर आहे!”

“झाग्रेबची भूक,” शिमुन भरल्या तोंडाने म्हणाला.

मार्गेटिच साहेब खिडकीशी गेले. आता प्रत्येक वस्तू जागच्या जागी हवी, म्हणून त्यांनी गव्हाची ताटली पुन्हा सुलटी फिरवायला हात घातला.

“थांबा, साहेब!” तेना धावली. “तशीच राहू द्या! आता उजेड पाठीमागून येईल, म्हणजे कोंब हळूहळू सरळ होतील. नाताळपर्यंत सगळे ताठ उभे राहतील बघा.”

साहेबांनी हात मागे घेतला. “म्हणजे मी ताटली उलटी ठेवली, ते...?”

“ते बरोबर केलंत,” तेना हसून म्हणाली. “आज तेवढंच!”

सगळ्यांत मोठ्याने मार्गेटिच साहेबच हसले.