उमादेवीच्या ओसरीवरचं मतदान

“मतदान येतंय पाच वर्षांनी, आन् आमच्या घरी ते दर शुक्रवारी येतंय... देवाला बेल वाहायला सवड न्हाई, शिक्के मारायला हाय.”

चन्नबसम्मा हे आपल्या चुलीला सांगत होत्या. निदान तोंड तरी चुलीकडंच होतं. पण भिंतीपलीकडं, दुसऱ्या चुलीपाशी भाकरी थापणाऱ्या सुनेला शब्दन् शब्द पोचेल, एवढा आवाज त्यांनी नेमका लावला होता.

उमादेवीनं भाकरी उलटली आणि डोळ्याला पदर लावला. धूर आहे म्हणून... असं तिनं स्वतःलाच बजावलं.

एका घरात दोन चुली! भांडण झालेलं नाही, वाटणी झालेली नाही. कुणी विचारलंच तर घरातलं प्रत्येक माणूस एकच सांगे, अव्वांना, म्हणजे चन्नबसम्मांना, पथ्य आहे. सासरे ईश्वरअप्पा दुकानातल्या गिऱ्हाइकांना हेच सांगत, नवरा रामलिंग पाहुण्यांना हेच सांगे, आणि माहेरची माणसं आली की उमादेवी स्वतःही हसतमुखानं हेच सांगे. कसलं पथ्य, ते मात्र जिंतूरच्या कुठल्याच डॉक्टराला ठाऊक नव्हतं.

झालं होतं ते असं. तीन वर्षांमागं उमादेवीनं गावातल्या बायकांचं मतदार मंडळ काढलं. त्याला निमित्त झाली शेजारची कडूबाई. निवडणुकीत तिनं मतपत्रिकेवरच्या सगळ्याच चित्रांवर शिक्का मारला होता. एकालाच मारला तर बाकीच्यांना काय वाटेल, म्हणून. ऐकून उमादेवी पोट धरून हसली, आणि हसता हसता तिला रडूच कोसळलं... बाईचं मत वाया जातं ते असं, कुणाला दुखवायचं नाही म्हणून! पुढच्याच शुक्रवारी तिनं ओसरीवर पत्र्याची पेटी मांडली, रद्दी कागदांवर सूप, उखळ, कंदील अशी चित्रं काढली आणि साऱ्या गावच्या बायकांना बोलावणं धाडलं. साऱ्या म्हणजे साऱ्या. विद्यापीठाच्या नामांतराच्या वादानं गावाचं आणि बौद्धवाड्याचं बोलणंही तुटलं होतं, तरी तिकडून धुरपताबाई चौघी-पाच जणींना घेऊन आली. उन्हातून आलेली, घसा कोरडा पडलेला. उमादेवीनं घरातला तांब्या तिच्या हाती दिला आणि ती पाणी प्याली.

त्या संध्याकाळपासून चन्नबसम्मांचं पथ्य सुरू झालं.

उमादेवीला भांडता आलं असतं. आत्याबाई गळ्यातल्या लिंगाची रोज पूजा करतात, त्या लिंगाला शिवाशिव कुणी शिकवली, असं विचारता आलं असतं. तिनं विचारलं नाही. सणाचं पुरण तिच्या हातून गेलं, जंगम गुरूंच्या पंगतीत वाढणं गेलं, सासूच्या शेजारी पान मांडणं गेलं... सारं तिनं निमूट गिळलं. फक्त पलीकडं म्हातारी धुरात खोकायला लागली की तिचा जीव तिळतिळ तुटायचा.

सोडला नाही तो एक शुक्रवार.

आता जिल्हा परिषदेची निवडणूक तोंडावर आली, तेव्हा रामलिंगनं समजुतीच्या सुरात तोडगा काढला. आपल्या बायका आपल्या ओसरीवर, त्यांच्या बायका त्यांच्या वाड्यात. तिनं दोन्हीकडं जावं, म्हणजे अव्वाही निवळेल. क्षणभर उमादेवीच्या व्याकूळ मनापुढं ते चित्र उभं राहिलं... एकच चूल, आणि सासूच्या ताटात आपल्या हातची भाकरी! मग तिनं मान हलवली.

“बूथावर पेटी एकच असती ना? मी इथं दोन मांडल्या, तर शिकवते काय?”

रामलिंग उठून दुकानात गेला. संध्याकाळी त्यानं अप्पांचा निरोप आणून दिला, की मग हा शुक्रवार शेवटचा, पुढं ओसरीला कुलूप.

त्या शुक्रवारी ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. पाळीपाळीनं कुणीतरी मतदान अधिकारी व्हायचं. त्या दिवशी पाळी धुरपताबाईची होती. ती खुर्चीवर ताठ बसून एकेकीला नाव विचारी, मग मालकाचं नाव विचारी. आणि बायका पदरात तोंड लपवून हसत. जन्मात नवऱ्याचं नाव कुणी घेतलेलं नव्हतं!

आतलं दार वाजलं. चन्नबसम्मा उंबऱ्यात उभ्या होत्या. बायकांचं हसू जागच्या जागी विरलं. म्हातारी आता साऱ्यांना हाकलणार, असंच प्रत्येकीला वाटलं. पण त्या खालच्या आवाजात वेगळंच बोलल्या. गेल्या साली त्या बूथावरनं तशाच परत आल्या होत्या. यादीत चन्नबसम्मा दोघी निघाल्या, अधिकाऱ्यानं मालकाचं नाव विचारलं, अन् जीभ उचलली नाही. घरी मात्र गर्दी होती म्हणून सांगितलं.

“मलाबी शिकायचंय,” त्या म्हणाल्या.

बायका लगबगीनं सरकल्या, त्यांना पुढची जागा करून दिली. उमादेवी नुसती गप्प राहिली असती, तरी तीन वर्षांचा वनवास कदाचित त्या घटकेला संपला असता...

“आत्याबाई, रांग हाय,” ती म्हणाली. “मागं उभ्या ऱ्हावा.”

चन्नबसम्मांनी सुनेकडं पाहिलं. मग पदर सावरत त्या रांगेच्या शेवटाला गेल्या आणि बौद्धवाड्याच्या बायकांना खांदा लावून उभ्या राहिल्या.

पाळी आली. धुरपताबाईनं नजर कागदावरच ठेवली. “नाव?”

“चन्नबसम्मा.”

“मालकाचं नाव?”

बाजूच्या दुकानातला तराजूचा आवाज थांबला. म्हातारीनं डोळे मिटले. एवढ्या संसारात जे ओठांवर आलं नव्हतं, ते बाहेर आलं.

“ईश्वरअप्पा.”

दुकानातून एक खोकला ऐकू आला. तो सर्दीचा नव्हता. ओसरी खळखळून हसली, चन्नबसम्माही हसल्या. त्यांनी सुपावर शिक्का मारला, शाई दुसरीकडं उमटू नये अशी घडी घातली आणि कागद पेटीत सोडला. कुणी न शिकवता! म्हणजे तीन वर्षं दाराआडून... उमादेवीला हुंदका आवरेना, म्हणून ती चहा आणायला आत पळाली.

चहाचे पेले फिरू लागले. उमादेवी सासूजवळ आली आणि तिचा हात अडखळला. कडूबाईनं सवयीनं बाजू सांभाळली. काकूंना पथ्य आहे, त्यांना देऊ नको, असं तिनं सांगितलं. धुरपताबाईनंही दुसरीकडं बघत मान डोलावली, वय झालं की पथ्य सांभाळावंच लागतं.

चन्नबसम्मांनी हात पुढं केला आणि पेला घेतला.

“पथ्य-बिथ्य काय न्हाई मला. धुरपताबाई, तू आमच्या घरचं पाणी प्यालीस, म्हणून मी तुझा इटाळ धरला... आन् तुला पाणी दिलं, म्हणून माझ्या ह्या लेकीचा.”