सव्वीस नंबरची कुपी

या, असे जवळ सरकून बसा. टीव्हीचा आवाज तेवढा बारीक करा. देवाच्या पायाशी बसून सांगावी इतकी खरी गोष्ट सांगते. कल्याणजवळ मोहन्याला आमच्या शेजारी कांतावहिनी राहतात, त्यांच्या मुलीच्या, दीप्तीच्या बाबतीत घडलेली.

गेल्या वर्षीचा पितृपक्ष. रविवार. भर दुपार. जागा ठाण्यात नौपाड्यातली एक प्रयोगशाळा.

दीप्ती तिथे माणसाच्या चरबीवर संशोधन करते. ऑपरेशनच्या वेळी परवानगी घेऊन पेशंटच्या पोटातल्या चरबीचा चिमूटभर तुकडा काढतात आणि उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवतात. कुपीवर नाव नसतं, फक्त नंबर. मग त्याच तुकड्याच्या तीन तपासण्या. आधी जनुकं, मग प्रथिनं, शेवटी चरबीचे रेणू. तिन्हींची माहिती एकत्र जुळवली की कळतं, शरीर चरबी साठवत होतं की जाळत होतं.

ऑपरेशनआधी पेशंटला उपाशी ठेवतात. त्यामुळे प्रत्येक तुकडा उपाशीच निघायचा.

एक सोडून.

सव्वीस नंबर...

जनुकं सांगत होती, उपाशी. महिन्याभराने त्याच गोठलेल्या तुकड्यातली प्रथिनं सांगू लागली, आत्ताच जेवण झालंय.

सगळे म्हणाले, चूक झाली, काढून टाका. एकटी पायल, तिथली नवी मुलगी, अडून बसली. यात काहीतरी आहे, म्हणाली. सरांनी भर मीटिंगमध्ये तिचं कौतुक केलं आणि शोधनिबंधावर पहिलं नाव पायलचं, असं सांगून टाकलं.

ज्या पायलला दीप्तीने हाताला धरून काम शिकवलं, तिचं!

दीप्तीला त्या दिवसापासून पायलचं साधं हसणंसुद्धा खुपायला लागलं.

आता सगळं तिसऱ्या तपासणीवर होतं. पायल आजोबांच्या श्राद्धाला गावी गेलेली. तिने फोन केला, "दीप्तीताई, तूच कर हां. माझा दुसऱ्या कोणावर भरवसा नाही."

म्हणून दीप्ती रविवारी गेली. एकटी.

तिने सव्वीस नंबरची कुपी काढली आणि बर्फाशिवाय तशीच टेबलावर ठेवली. वितळली की चरबी नासते. तपासणी बिघडणार, आणि पायलचं तोंड बंद होणार.

शेजारच्या खोलीत येऊन तिने डबा उघडला. भाकरी आणि सुकटीची चटणी. हात धुवायला बेसिनपाशी गेली. नळ बंद केला, आणि...

पाठीमागे कोणीतरी घास गिळला.

ती वळली. खोलीत कोणी नव्हतं.

डब्यात काहीही नव्हतं.

प्रयोगशाळेत डबे रिकामे होण्याचं खापर नेहमी तिथे काम करणाऱ्या यज्ञेशवर फुटायचं. तिने त्याला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, मी डोंबिवलीत आहे. सुट्टीच्या दिवशी पण मीच चोर काय?"

फोन कानाला असतानाच आतून आवाज आला...

हळू. शांत. बोटं चाटल्यासारखा.

ती आत गेली. एव्हाना आतला तुकडा वितळायला हवा होता, पण कुपी टेबलावर तशीच उभी होती. तिच्यावर पांढरंफेक बर्फ चढलेलं. उचलायला गेली तर बोटं चिकटली.

तिसऱ्या तपासणीत काहीच बिघडलं नव्हतं. रेणू सांगत होते, पोटभर जेवलेलं माणूस. पायलचं म्हणणं पक्कं झालं.

तरी दीप्तीला राहवेना. पेशंटने ऑपरेशनआधी चोरून खाल्लं असेल, तर पायलचा शोध अजूनही खोटा ठरेल! तुकडा आलेल्या खोपटच्या हॉस्पिटलात जाऊन तिने तिथल्या सिस्टरला रजिस्टरमधून सव्वीस नंबरची पेशंट शोधायला लावली आणि खोदून खोदून विचारलं.

सिस्टर तिच्याकडे बघतच राहिली.

"खाल्लं? अगं, डॉक्टर ऑपरेशन पुढे पुढे ढकलत गेले. दोन दिवस उपाशी होती मनुबाई. कोळीवाड्यातली. सारखी विचारायची, 'सिस्टर, जेवाला कवा देनार?' तशीच गेली बिचारी, टेबलावर."

शोधनिबंध छापून आला. पहिलं नाव पायलचंच.

दीप्ती अजून कामाला जाते. कांतावहिनी खूश आहेत, पोरगी डबा चाटूनपुसून परत आणते म्हणून. पण पोरगी दिवसेंदिवस सुकत चाललीय. काल जिन्यात भेटली, मनगट धरलं तर नुसतं हाड लागलं. म्हणाली, "काकू, डब्याचं झाकण मी उघडायच्या आधीच..."



मला काही सुचत नाही हो. तुम्ही आज पानावर बसाल तेव्हा एक घास बाजूला काढा. मनुबाईचं नाव घ्या.

तिला कोणीतरी वाढायला हवं.