बिनआवाजाचा टीव्ही

टेस्टर पेटला तरच तारेत करंट आहे असं मानणारा माणूस मी. पाटोद्यात माझं ट्रकच्या वायरिंगचं दुकान आहे. भुताखेताचा विषय माझ्या दुकानात कुणी काढला तर मी त्याला आधी चहा पाजतो आणि मग हाकलून देतो.

तरी हे लिहितोय.

कारण यातलं काहीच ऐकीव नाही. माझ्या स्वतःच्या पाठीला जाणवलेलं आहे. कुणाला पटो न पटो.

साल दुष्काळाचं, दोन हजार तेराचा उन्हाळा. जागा म्हणजे आष्टीकडच्या एका तलावावरचा पंप. त्या वर्षी शिवारात उसाचं टिपरूसुद्धा नव्हतं. सहकारी कारखान्याचा बॉयलर पेटलाच नाही. ऊस वाहणाऱ्या सोसायटीचे ट्रक उभे राहिले. मग सोसायटीने त्यांच्यावर लोखंडी टाक्या चढवल्या आणि तेच ट्रक गावोगाव पाणी वाहू लागले.

पंपाची वीज रात्रीच यायची. तीही तिच्या मनात आलं तर. म्हणून ड्रायव्हर संध्याकाळीच रांगेत गाडी लावायचे आणि केबिनमध्येच झोपायचे.

त्यातलाच एक त्रिंबक.

तो दुकानात आला आणि म्हणाला, "वाहेदभाई, गाडीत टीव्ही बसवायचाय. झोप लागू नये असा."

बाकीचे ड्रायव्हर झोप येईपर्यंत वेळ जावा म्हणून टीव्ही मागतात. याचं उलटंच. पण मी फार खोदून विचारलं नाही. त्याच्यावर काय गुदरलं होतं ते सगळ्या तालुक्याला माहीत होतं.

त्याचा थोरला भाऊ गहिनीनाथ. दरवर्षी ऊसतोडीला जायचा. त्या वर्षी ऊसच नव्हता, म्हणून त्रिंबकच्याच गाडीवर आला. टँकर गावच्या विहिरीत रिकामा करायचा असतो. त्यासाठी गाडी रिव्हर्समध्ये थेट कठड्यापर्यंत न्यावी लागते. ड्रायव्हरला मागचं दिसत नाही. मागे उभा असलेला माणूस टाकीवर हाताने थाप मारतो. दोन थापा म्हणजे येऊ दे. एक थाप म्हणजे थांब.

त्या दिवशी गाडी थांबली नाही.

गहिनीनाथ टाकी आणि कठडा यांच्यामध्ये सापडला. जागच्या जागी गेला.

कुणी म्हणालं, त्याने थाप दिली होती, त्रिंबकचंच लक्ष नव्हतं. कुणी म्हणालं, तो थाप द्यायचंच विसरला. पाण्यासाठी बायकांची एवढी झुंबड होती की खात्रीने कुणालाच सांगता येईना. तेराव्याला गहिनीनाथची बायको, सावित्रीबाई, त्रिंबकला एवढंच म्हणाली, "भावजी, थाप दिली व्हती का हो त्यांनी?"

त्रिंबकला उत्तर देता आलं नाही. तिने पुन्हा कधी विचारलं नाही.

तर टीव्ही.

पहिल्यांदा मी त्याला रंगीत टीव्ही आणि इन्व्हर्टर बसवून दिला. टायरच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी डॅशबोर्डवर असा आवळला की खड्ड्यातही हलू नये. दुसऱ्या दिवशी तो परत.

"इन्व्हर्टर गुणगुणतो."

मग पेन ड्राइव्हवर चालणारा छोटा स्क्रीन लावला. इन्व्हर्टरच नको, बॅटरीवरून कन्व्हर्टर लावून सरळ जोडला. त्याने बराच वेळ बघितला.

"चांगला हाय. आता स्पीकरची तार तोडा."

"आवाज बारीक कर की. बटन कशाला दिलंय?"

"चुकून हात लागतो. तोडाच."

"बिनआवाजाचा टीव्ही कोण बघतंय बे? त्यापेक्षा समोर लग्नाचा फोटो लाव. तेवढाच खर्च वाचंल!"

दुकानातली सगळी हसली. तो हसला नाही. चिडलाही नाही. भिंतीकडे बघावं तसा माझ्याकडे बघत राहिला. मी मुकाट्याने तार तोडली.

दोन दिवस बरे गेले आणि साहेब पुन्हा दारात.

"कन्व्हर्टर टिकटिकतो."

माझं डोकंच सरकलं. माझ्या हातचा माल टिकटिकतो?

"आज रातीला मीच येतो तुझ्या गाडीत. दोघं मिळून ऐकू. न्हाई टिकटिकला तर परत दुकानाची पायरी चढायची न्हाई."

फरीदाने, माझ्या बायकोने, डब्यात भाकरी-ठेचा दिला आणि वर सुनावलंही. घरातला पंखा बंद पडलाय तो दिसत नाही आणि लोकांच्या गाडीत जागरणाला निघालात.

मी गेलो.

टँकरची रांग लांबच लांब. त्रिंबकची गाडी मधोमध. टाकी रिकामी. पंपाची घरघर चालू होती. आम्ही जेवलो. तो दोन घासच जेवला.

मग त्याने टीव्ही लावला. कुठला तरी सिनेमा होता. माणसं नुसती तोंडं हलवत होती, नाचत होती. त्याचा उजेड त्रिंबकच्या तोंडावर हलत होता. डोळे स्क्रीनवर होते, पण तो काही बघत नव्हता.

मी कन्व्हर्टरला कान लावला.

"बघ. गप्प हाय."

"हां. आज न्हाई वाजत," तो म्हणाला.

तेवढ्यात वीज गेली. पंप बंद पडला.

इतकी शांतता मी त्याआधी कधी ऐकली नव्हती. कुत्रं नाही. रातकिडा नाही. तळ्यात पंपाच्या खड्ड्यापुरतंच पाणी उरलेलं, बेडूक कुठून असणार?

आणि मग मागून…

धप्… धप्.

"कोण हाय?" मी ओरडलो.

त्रिंबक हललासुद्धा नाही. "तुमाला बी आलं का ऐकू?" एवढंच विचारलं.

मी टॉर्च घेऊन खाली उतरलो. मला वाटलं, कुणीतरी टवाळ ड्रायव्हर असणार. मागे उत्तरेश्वरची गाडी होती. तो तोंडावर टॉवेल टाकून घोरत होता. दुसरं कुणी नव्हतं.

मी टाकीवर उजेड मारला. बोटभर धूळ बसली होती.

धुळीवर हाताचा ठसा नव्हता…

कुठेच नव्हता.

मी स्वतः एक थाप मारून पाहिली. ठण्ण! रिकामी टाकी घंटेसारखी वाजली. उत्तरेश्वर दचकून उठला. "कोण हाय बे?"

"मी हाय, वाहेद. झोप."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मघाशी ऐकलेली थाप अशी नव्हती. ती जड होती, दबकी होती.

भरलेल्या टाकीवर मारल्यासारखी.

मी केबिनमध्ये चढलो आणि दार ओढून घेतलं. त्रिंबकने पाण्याची बाटली पुढे केली.

"आण्णा हाय," तो म्हणाला. जेवायला काय आहे हे सांगावं, त्या आवाजात. "रोज येतो. दोन थापा मारतो. थोड्या वेळानं परत दोन."

"मग तू इथं कावून झोपतो? घरी जा. सोसायटीला सांग, गाडी बदलून द्या."

"न्हाई. मी पुढच्या थापीची वाट बघतोय. नुसत्या एका थापीची."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्याला टीव्ही आवाज झाकायला नको होता. डोळे उघडे राहावेत एवढ्यासाठीच हवा होता. कान मोकळे पाहिजे होते. म्हणून इन्व्हर्टर नको. म्हणून स्पीकर नको. म्हणून टिकटिक नको.

"ती आली म्हंजी काय?" मी विचारलं.

"म्हंजी आण्णानं थांब म्हणलं व्हतं. मला ऐकू आलं न्हाई. मग वहिनीला जाऊन सांगायचं, मीच मारला."

"आणि न्हाई आली तर?"

"तर बसायचं."

तो परत स्क्रीनकडे बघू लागला. जरा वेळाने आपणहून म्हणाला, "वाहेदभाई, मला अजून रडू बी आलं न्हाई. हातपाय हायत, पन माझे वाटत न्हाईत."

मला लई वाईट वाटलं. त्याच्या पाठीवरून हात फिरवावा असं वाटलं. पण तेवढ्यात…

धप्… धप्.

आता आणखी जवळून. टाकीच्या पुढच्या बाजूने.

मी मनातल्या मनात कलमा म्हणायला लागलो. माझी पाठ केबिनच्या मागच्या पत्र्याला टेकली होती.

धप्… धप्.

मग बराच वेळ काहीच नाही.

स्क्रीनवर एक बाई हसत होती.

आणि…

धप्.

एक.

माझ्या पाठीमागच्या पत्र्यावर. पत्रा थरथरला. ती थरथर माझ्या मणक्यातून मानेपर्यंत गेली. जोरात मारली होती. जीव खाऊन मारली होती.

मी दुसरीची वाट पाहिली. श्वास रोखून पाहिली.

दुसरी आलीच नाही.

मी त्रिंबककडे बघितलं. तो टीव्हीकडेच बघत होता. तसाच शांत. मग त्याची नजर माझ्या तोंडावर गेली.

"काय झालं वाहेदभाई?"

मी पाठ पत्र्यापासून पुढे घेतली.

"आली का?"

हातभर अंतरावर बसला होता तो. इतके दिवस तेवढ्याच एका आवाजासाठी कान लावून बसलेला माणूस. आणि त्याला ती ऐकू आली नव्हती.

"वाहेदभाई, आली का एक?"

"न्हाई," मी म्हणालो. "डास चावला."

त्याने मान हलवली. परत टीव्हीकडे बघू लागला.

पुढे वीज आली, पंप सुरू झाला आणि रांग हलली. मी पहिल्या गाडीने पाटोद्याला आलो आणि तापाने फणफणलो. फरीदाने नजर काढली.

काही दिवसांनी सावित्रीबाई दुकानात आली. मी तिला कधी जवळून पाहिलं नव्हतं. बाहेरच उभी राहिली.

"तुमी एक रात भावजींच्या गाडीत व्हता म्हणं. त्यांना काय ऐकू आलं का?"

"न्हाई वहिनी. काहीच न्हाई."

ती म्हणाली, "बरं झालं."

जायला निघाली आणि पुन्हा थांबली. पदराने तोंड पुसलं.

"मला ऐकू येती थाप. आमच्या दाराच्या पत्र्यावर, रोज रातीला. एकच येती. मी दार उघडती तर कोन नसतं."

माझ्या हातातली पक्कड तशीच राहिली.

"तेराव्याला मी इचारून बसले. तवाच जीभ झडायला पायजे व्हती माझी. तुमाला काय कळलं असंल तर त्यांना सांगू नगा. तेवढा एक दीरच उरलाय मला."

पुढे पाऊस झाला. टाक्या उतरल्या, कारखाना चालू झाला. त्रिंबक अजून तीच गाडी चालवतो. त्यानंतर त्याने दोन स्क्रीन बदलले. दोन्ही वेळा मीच स्पीकरची तार तोडून दिली. आता तो कारखान्याच्या रांगेत बसतो, एवढाच फरक.

मागच्या आठवड्यात आला होता. चहा घेतला. म्हणाला, "वाहेदभाई, माझे कान आता पहिल्यासारखे राहिले न्हाईत. एक रात परत येऊन बसता का? तुमी खोटं बोलणार न्हाई."

मी त्याला अजून उत्तर दिलेलं नाही.