आतून आलेली ओ

माझा नवरा इंद्रजीत माझं इन्सुलिन आणायला आर्णीला गेला होता. वैशाखातली दुपार. फुलसावंगीजवळच्या आमच्या तांड्यावर कुत्रंही उन्हात फिरकत नव्हतं.

शाळेत होते तेव्हापासून शुगर माझ्या मागे लागली आहे, आणि लग्नानंतर ही अर्धशिशी. ती उठली की उजेड सोसत नाही. खिडकीला घोंगडी टांगायची, दार लोटायचं आणि पडून राहायचं. पण घाम फुटला, हात कापले, तर ते दुखण्यानं की शुगर उतरल्यानं, हे मेलं कळतच नाही. शुगर उतरत असताना झोप लागली, तर खेळ खलास.

म्हणून सासू, रुपीबाई, जिला मीही इंद्रजीतसारखी याडी, म्हणजे आईच म्हणते, ओसरीवरून अधूनमधून हाक मारते. मी ओ द्यायची, उशाच्या वाटीतला गूळ तोंडात टाकायचा. ओ आली नाही तरच तिनं दार उघडायचं.

त्या दिवशी सकाळी सुई घेतली होती आणि खाल्लेलं सगळं उलटून पडलं होतं. कानशिलात घण बसत होते. तेवढ्यात कपाळावर हात आला. माठाखालच्या वाळूसारखा गार. कोपरापर्यंतच्या बांगड्या हलकेच वाजल्या. याडी आत आली असेल, असं वाटलं. बोटं कानशिलावरून फिरली आणि दुखणं थांबलं. साफ थांबलं. मला रडूच आलं.

"झोप, बाई... झोप आता..."

आणि बाहेरून, ओसरीवरून, याडीची हाक आली. "उज्ज्वला, जागी हायेस ना वं?"

मग हा हात कोणाचा? ओरडायला गेले, तर जीभ हलेना. माझ्या उशाशी, माझ्याच आवाजात, कोणीतरी शांतपणे म्हणालं, "हाव याडी... जागीच हाये."

ओसरीवर तूर पाखडणारं सूप पुन्हा वाजू लागलं.

शुद्धीवर आले तेव्हा तोंडात साखर होती आणि याडी रडत होती. "दर हाकेले ओ देली वं तुनं!"

इंद्रजीत दबक्या आवाजात म्हणाला, "मीबी आंगनातून आईकली. आत आलो, तं तुही दातखीळ बसून होती..."

आता आवाजावर भरवसा नाही. हाक आली की मी चमच्यानं वाटी वाजवायची, असं ठरलंय.

काल पुन्हा डोकं उठलं. खरं सांगते, भीती होतीच, पण तो गार हात हवाहवासा वाटत होता. बाहेरून याडीनं हाक मारली. मी अंधारात चमचा चाचपत होते, तोवर वाटी वाजली.