सोबतचा रकाना

बायको फेलिसा वारल्यापासून नादोमास्तर रोजचं सगळं संगणकावरच्या आपल्या खासगी विकीत, म्हणजे नोंदवहीत, टिपून ठेवत. विजेचं बिल, गुडघेदुखी, बाजारातली मासळी. प्रत्येक नोंदीला रकाने ठरलेले: शीर्षक, मजकूर, ठिकाण, सोबत. शेवटी लिहिणाऱ्याचं नाव आपोआप पडे. सोबतचा रकाना हल्ली रिकामाच राही. घरात दुसरं माणूसच नाही, तर भरणार काय डोंबल?

मुलगी मारिविक उद्याच्या बोटीने बाकोलोदहून इलोइलोला येऊन त्यांना कायमचं घेऊन जाणार होती. मास्तरांना घर सोडायचं नव्हतं. सकाळी फोनवर तोच वाद.

"तातय, तुम्ही अजून आईतच अडकलाय," ती म्हणाली. "तिच्याशिवायचा एक दिवस दाखवा, मी पुन्हा विषय काढणार नाही."

"एक कशाला, ढीगभर दाखवतो," मास्तर तोऱ्यात म्हणाले.

दुपारी त्यांनी शोध लिहिला. तिच्यामागे केलेल्या नोंदींपैकी ज्यांच्या एकाही रकान्यात फेलिसा नाही, अशा सगळ्या.

एकही आली नाही.

अट चुकली असणार. आयुष्यभर गणित शिकवलेला माणूस, त्यांनी एकेक रकाना वेगळा काढून तपासला. शीर्षकात ती नव्हती. मजकुरात क्वचित. ठिकाणातही नाही. मग त्यांनी विजेच्या बिलाची नोंद उघडली. सोबत: फेलिसा. मासळीच्या नोंदीत फेलिसा. गुडघेदुखीतसुद्धा.

हे त्यांनी लिहिलं नव्हतं.

त्यांनी नवी नोंद केली, 'एकटाच जेवलो', सोबतचा रकाना मुद्दाम कोरा ठेवला आणि शोध पुन्हा चालवला. ती नोंदही आली नाही. उघडून पाहिली, तर रकाना भरलेला.

मास्तर घाबरले. आणि खोटं कशाला बोला, त्यांना बरंही वाटलं.

मग त्यांनी शोध उलटा फिरवला. आपण न लिहिलेल्या नोंदी.

एक आली. तारीख उद्याची.

'नादो बोटीने गेला. एकटीच जेवले.' ठिकाण: घर. सोबत: रिकामं. लिहिणार: फेलिसा.

मास्तरांचे डोळे भरून आले. त्यांनी फोन उचलला.

"मारिविक, मी येत नाही."

"सापडला का दिवस?"

"नाही."

ती हळूच म्हणाली, तरी मी येतेच, समोरासमोर बोलू.

फोन ठेवून मास्तर पडद्याकडे वळले.

नोंद बदलली होती. 'दोघं जेवलो.' सोबत: नादो.

तारीख उद्याचीच होती. ठिकाणाच्या रकान्यात मात्र घर नव्हतं. कबरस्तान होतं.