भर चौकातलं 'तू'

"ए, मागे बघ! तू पडशील ना…!"

टालिनच्या नगरभवनासमोर, माझ्या अठ्ठावीस प्रवाशांदेखत, एका अनोळखी माणसाने मला चक्क 'तू' म्हटलं. वर बाही धरून ओढलंही! आम्ही गाइड उलटं चालतो – तोंड प्रवाशांकडे, पाठ रस्त्याकडे. टपालाची गाडी मला दिसली नव्हती, हे कबूल. पण म्हणून 'तू'? माझ्या आईला शेजारणीशी 'तू'वर यायला अकरा वर्षं लागली होती.

"जीव वाचवला, त्याचं काहीच नाही?" तो हसत म्हणाला.

"जीव वाचवतानाही 'तुम्ही' म्हणता येतं!"

"तेवढं लांबवायला वेळ कुठे होता?"

त्याचं नाव उकू. दर बुधवारी येणाऱ्या पांढऱ्या जहाजावर नोकरीला. प्रवासी मोजून उतरवायचे, तीन तास माझ्यामागून गावभर चालायचं आणि मोजून परत चढवायचे. सारेमा बेटावरचा होता, म्हणून एवढा आगाऊ असावा.

पुढच्या बुधवारी मी माफी मागितली… म्हणजे, त्याने मागावी असं बजावलं. तर हा कमरेत वाकून म्हणतो, "आपली आज्ञा! आपला गळपट्टा चिखलात लोळतोय. आपण उचलता, की सेवकाने उचलावा?"

प्रवाशांना आमची भाषा कळत नव्हती, तरी सगळे खोखो हसले. माझे कान तापले. तोम्पिया टेकडीच्या चढावर मी मुद्दाम भरभर चालले. मागे वळले तर तो एका आजींना हात देत, माझ्याकडेच बघत सावकाश येत होता. इतका राग आला! आणि बुधवार उजाडला की मी निळाच कोट का घालत होते, हे मला विचारू नका.

सप्टेंबरातली शेवटची फेरी. समुद्रावरून भुरभुर पाऊस येत होता. प्रवासी बंदराकडे नेणाऱ्या बसमध्ये चढत होते. उकू माझ्या छत्रीखाली आला, न विचारता.

"पुढच्या वर्षी हे जहाज इकडे येणार नाही," तो म्हणाला. "मला इथल्या बंदरात नोकरी देतायत. सोमवारी उत्तर द्यायचंय."

"मग द्या ना. मला काय सांगता?"

"नोकरीसाठी नाही राहणार मी. इथे मला कुणी 'तू' म्हणणार असेल… तर राहीन."

मी छत्री थोडी त्याच्याकडे कलवली. तरी म्हटलं, "तुम्हीच म्हणा की! तेव्हा तर भर चौकात ओरडलात!"

"तेव्हा गाडी होती. आता रीतीने व्हायला हवं. वयाने मोठं असेल त्याने आधी म्हणायचं. तुम्ही चार वर्षांनी मोठ्या आहात."

"वय कुणी सांगितलं तुम्हाला?"

"गळ्यातल्या ओळखपत्रावर आहे."

"इतक्या बारीक अक्षरातलं वाचलंत?"

"दर बुधवारी… थोडं थोडं."

म्हणजे सगळं माझ्यावर! मी बोलायचं, मी लाजायचं, नाही म्हटलं तर पाप माझं, आणि हा रीत सांभाळून नामानिराळा! बसच्या दारातून चालकाने हाक मारली. उकूने खांदे पाडले, टोपी सारखी केली आणि छत्रीखालून बाहेर पाऊल टाकलं. खरंच निघाला की हा…

"मूर्ख आहात तुम्ही!" मी ओरडले. बसमधले सगळे चेहरे काचांना चिकटले. चिकटू देत. "पाच महिने डोळ्यांसमोर असून कळत नाही? मूर्ख आहात… मूर्ख आहेस तू, उकू!"

तो पावसात उभाच राहिला. भिजला. मग इतका हसला, की माझा उरलासुरला राग आणखीच भडकला.

"सोमवारी कळवतो त्यांना," तो म्हणाला.

"सोमवारी कशाला? आत्ता कळव!"