सहा नंबरची टाकी

सकाळी आठला फोन आला आणि साडेआठला इन्स्पेक्टरबाई वाइनरीत पोचल्या.

वाइनरी चालवणाऱ्या दोघा भावांतले थोरले सहा नंबरच्या टाकीत मरून पालथे पडले होते. चाळीस वर्षं वाइन बनवणारा माणूस. शेजारी फावडं, उजव्या मुठीची सालटी निघालेली. टाकीचं खालचं गोल दार सताड उघडं.

"दार कुणी उघडलं?"

"उघडंच होतं," धाकटा भाऊ म्हणाला. विक्रीचं काम तो बघायचा. "दादा कुणाचं ऐकेल तर शपथ! साली अजून आंबत होत्या. आंबताना वायू सुटतो, जीव गुदमरतो. आत शिरू नकोस म्हणून कानीकपाळी ओरडलो."

"शिरले कशाला?"

"साली उपसायला. काळ्या द्राक्षाची वाइन सालींसकट आंबवतात, रंग त्यातूनच उतरतो. काल वाइन काढून घेतली, साली तळाला राहिल्या."

टाकीवर थोरल्यांच्या अक्षरात खडूनं लिहिलं होतं: शिराझ. ड्राय. सोमवार.

आज शुक्रवार होता.

"ड्राय म्हणजे?"

"टाकी रिकामी केली, म्हणून."

बाई शेजारच्या सिलिंडरला टेकल्या. ते लगेच डुगडुगलं.

"आणि हे?"

"कार्बन डायऑक्साइड. वाइनला हवा लागू नये म्हणून वरून सोडतात. कालच आलंय, हात लावलेला नाही अजून."

बाई सरळ प्रयोगशाळेत गेल्या. तिथली केमिस्ट रडून रडून लाल झाली होती.

"ड्राय म्हणजे रिकामी ना?"

"छे! ड्राय म्हणजे गोडवा संपलेली. यीस्ट साखर खातं, तिचं अल्कोहोल होतं आणि वायू सुटतो. साखर संपली की वाइन ड्राय."

"म्हणजे सोमवारीच आंबणं थांबलं?"

"हो. तरी काल वाइन काढल्यावर टाकीत पंखा लावला होता. आज सातला थोरल्यांनी मीटर लावून पाहिलं. ही बघा नोंद. आत स्वच्छ हवा."

बाईंनी धाकट्याला चव घेण्याच्या खोलीत बोलावलं. लांब टेबलावर ग्लास ओळीनं पालथे घातलेले होते.

"काल रिकाम्या केलेल्या टाकीवर सोमवारीच 'रिकामी' कोण लिहील? मला वाइनमधलं ओ की ठो कळत नाही, हे तुम्ही ताडलंत. साखर सोमवारी संपली होती, सातला आत हवा होती, आणि आठच्या आत तुमचे दादा गुदमरले. वायू बाहेरून आला. न वापरलेलं भरलं सिलिंडर नुसतं टेकल्यावर डुगडुगत नाही. तुम्ही दार बाहेरून लावलंत आणि वरून नळी सोडलीत. उघड्या दाराशेजारी कुणी मुठी फोडून घेत नाही. दार उघडलंत ते सगळं शांत झाल्यावर."

धाकट्यानं एक ग्लास सुलटा केला.

"पंधरा वर्षं," तो म्हणाला, "याच टेबलाशी डोळे बांधून बसवायचा मला. गिऱ्हाइकांदेखत. ओळख कुठलं द्राक्ष! शिराझला मर्लो म्हटलं की माझ्या बायकोसकट सगळे खिदळायचे. पट्टी तीच बांधायची."

"किती वेळ ठोकत होते ते?"

"पाच-सहा मिनिटं. दार उघड, दार उघड. मी म्हटलं, दादा, आधी ओळख. कुठलं द्राक्ष?"

बाईंचं पेन थांबलं.

"शिराझ, शिराझ म्हणून रडत होता," धाकटा म्हणाला. "मी म्हटलं, चूक."